सिंहाला कोण खातं? पोरांना अन्नसाखळी शिकवताना अडलेले प्रश्न

सदाफुली

मंडळी, मदत हवीये. मी संध्याकाळी काही मुलांचा विज्ञानाचा वर्ग घेते, चौथी ते सहावी अशी सरमिसळ आहे, आणि सध्या परिसंस्था चालू आहे. व्याख्या सगळ्यांच्या तोंडपाठ. उत्पादक, प्राथमिक भक्षक, द्वितीयक भक्षक, विघटक, झोपेतून उठवून विचारा. पण वहीत अन्नसाखळी काढायला दिली की गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार हे बरोब्बर ओळीने येतं आणि बाण सगळे उलटे, घारीकडून गवताकडे. विचारलं तर म्हणतात घार सापाला खाते ना, मग बाण घारीकडूनच निघणार की. आता त्यांच्या बाजूने बघितलं तर तर्क बरोबर आहे, त्यामुळे नुसतं "खोडून उलटा काढ" म्हणायला जीभ रेटत नाही.

दुसरं, एकीने विचारलं सिंहाला कोण खातं. बाकीचे हसले पण मला प्रश्न भारी वाटला.

तिसरं, विघटक. सगळ्यांच्या चित्रात खाली कोपऱ्यात एक कुत्र्याची छत्री असते, कोणालाही न जोडलेली. त्याचं काय करू?

जुना_फळा

बाणाचं आधी सांगतो, बाकीचं इतर लोक सांगतीलच. पोरं बाण "खातो" असा वाचतात म्हणून तो उलटा येतो. बाणाला "च्या पोटात" असं वाचायला लावायचं, आणि मनात नाही, मोठ्याने. गवत नाकतोड्याच्या पोटात, नाकतोडा बेडकाच्या पोटात, बेडूक सापाच्या पोटात. चारपाच साखळ्या अशा घोकून घेतल्या की हात आपोआप बरोबर वळतो. बाण कोण कोणावर धावून गेलं ते सांगतच नाही मुळी, अन्न आणि त्यातली ऊर्जा कुठून कुठे चालली ते सांगतो.

अजून एक, सूर्याला साखळीतली पहिली कडी म्हणून काढू देऊ नका. सूर्य कोणाच्या पोटात जात नाही. त्याला वर काढायचा आणि गवतावर उजेड पाडायचा. साखळी गवतापासून सुरू.

रिकामटेकडा

मोठ्यांचेही बाण उलटेच असतात हो सर. कुठल्याही हापिसात साहेबापासून सुरू करून खाली काढून बघा 😀

भुंगा

जुना_फळा यांच्याशी सहमत, पण त्याच्याही आधी एक घोळ असतो तो तपासा. पोरांना विचारा झाड अन्न कुठून आणतं, दहातली आठ सांगतील मातीतून. म्हणजे त्यांच्या डोक्यात झाड माती "खातं", आणि मग उत्पादक या शब्दाला काही अर्थच उरत नाही, तोही एक खाणाराच झाला.

यावर सतराव्या शतकातला फान हेल्मोंटचा प्रयोग सांगा, पोरांना जाम आवडतो. या बाबाने कुंडीत २०० पौंड म्हणजे साधारण ९० किलो कोरडी माती वजन करून भरली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं (वाळुंजाच्या कुळातलं झाड), पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं. माती परत सुकवून तोलली तर कमी किती झाली? दोन औंस, पन्नासेक ग्रॅम! हे छापून आलं १६४८ मध्ये, तो गेल्यानंतर. इथे थांबायचं आणि विचारायचं, मग एवढं लाकूड आलं कुठून? त्याचं स्वतःचं उत्तर होतं पाण्यातून, आणि ते अर्धवटच होतं, कारण लाकडातला कार्बन येतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून, म्हणजे झाड बरंचसं हवेतून उभं राहतं. सूर्याची ऊर्जा, हवा आणि पाणी यातून साखर बनवणं हे हरितद्रव्याचं काम. मातीतून क्षार लागतात, पण अगदी थोडे. हे एकदा डोक्यात बसलं की उत्पादक म्हणजे नक्की काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

पानगळ

सिंहाच्या प्रश्नाला हसणाऱ्या पोरांना सांगा की सिंहाला भरपूर जण खातात, आणि तो मरेपर्यंत थांबतही नाहीत. जिवंत सिंहाच्या कानामागे गोचिड्या असतात, अंगावर रक्त पिणाऱ्या माश्या, आतड्यात पट्टकृमी. हे सगळे सिंहावर जगतात म्हणजे बाण सिंहाकडून गोचिडीकडे! पोरांना वाटतं खाणारा नेहमी खाल्ल्या जाणाऱ्यापेक्षा मोठा आणि दांडगा असतो, परजीवी दाखवले की ते गणित मोडतं. आणि ते मोडलंच पाहिजे, कारण अन्नसाखळी ही ताकदीची उतरंड आहे हा समज एकदा पक्का झाला की पुढचं सगळं तिरकं जातं.

मेलेल्या सिंहाचं तर विचारूच नका. तरस, गिधाडं, माश्यांच्या अळ्या, भुंगे, बुरशी, जिवाणू, रांगच लागते. इथे एक फरक मात्र सांगायला हवा, बऱ्याच ठिकाणी गिधाडाला बिनधास्त विघटक म्हणून टाकतात. गिधाड मृतभक्षक आहे, ते मांसाचे लचके तोडून गिळतं आणि पोटात पचवतं, आपल्यासारखंच. खरे विघटक म्हणजे बुरशी आणि जिवाणू, ते उलट करतात, पाचक रस आधी बाहेर सोडतात, समोरची वस्तू बाहेरच विरघळवतात आणि मग तो रस शोषून घेतात. गांडूळ, वाणी, शेणकिडे हे मधले लोक, कुजकं खाऊन त्याचा भुगा करतात म्हणजे बुरशी-जिवाणूंना काम सोपं जातं.

मृतभक्षक गेले तर काय होतं याचं उदाहरण भारतीय उपखंडातलंच आहे. १९९० च्या दशकापासून तीन जातींची गिधाडं ९५ टक्क्यांहून जास्त कमी झाली. कारण २००४ मध्ये कळलं, गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. औषध टोचलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, मूत्रपिंडं निकामी होऊन ती मेली. २००६ मध्ये भारतात गुरांसाठी ते बंद केलं. पण तोवर मेलेली जनावरं तशीच पडून राहायला लागली होती आणि त्यावर भटकी कुत्री वाढली.

उंटावरचा_शहाणा

थांबा जरा. नऊ-दहा वर्षांची पोरं आहेत ती, एम.एस्सी.ला बसलेली नाहीत. पट्टकृमी आणि डायक्लोफेनॅक कशाला? आधी चार कड्यांची सरळ साखळी येऊ दे, मग जाळं (एकमेकींत गुंतलेल्या अनेक साखळ्या), मग अपवाद. एकदम सगळं ओतलं की पोरं घरी जाऊन सांगणार आज गोचिडी सिंहाला खाते असं शिकवलं.

पानगळ

सांगू देत की, खरंच आहे ते 🙂

सदाफुली

उंटावरचे शहाणे, क्रमाचं पटलं तुमचं. पण हे प्रश्न मी काढलेले नाहीत, पोरंच विचारतायत आणि "ते पुढच्या वर्षी" म्हटलं की चेहरे पडतात. काल तर एकाने विचारलं की घटपर्णी किडे खाते मग ती उत्पादक का भक्षक, आणि दुसरा लगेच म्हणाला अमरवेलीचं काय मग.

भुंगा

पोरं हुशार आहेत राव.

घटपर्णी उत्पादकच. हिरवी आहे, साखर स्वतः बनवते. किडे लागतात ते नायट्रोजनसाठी, कारण ती वाढते तिथल्या जमिनीत नायट्रोजन फारसा नसतो. म्हणजे किडे तिचं इंधन नाही, खत आहे. अमरवेल बरोब्बर उलटी. पिवळी दोरी, पानं नाहीत, हरितद्रव्य नावाला, दुसऱ्या झाडाच्या खोडात शोषकमुळं घुसवून त्याचा रस पिते. दिसायला वनस्पती पण कामाने भक्षक. आणि ती कोपऱ्यातली कुत्र्याची छत्री, ती तर वनस्पतीच नाही, कवक म्हणजे बुरशीच्या गोतातली आहे. पोरांना एक सवय लावा, कोण आहे हे विचारायच्या आधी ऊर्जा कुठून आणतोय ते विचारायचं.

जुना_फळा

आता ऊर्जेकडे वळलातच तर दहा टक्क्यांचं घ्या, म्हणजे एका पातळीवरची साधारण दहा टक्केच ऊर्जा पुढच्या पातळीवर पोचते. अमेरिकेत रेमंड लिंडेमन नावाचा तरुण संशोधक होता, त्याने मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्यात प्रत्येक पातळीवर किती ऊर्जा येते नि किती पुढे जाते याचा हिशोब मांडला. पेपर १९४२ मध्ये छापून आला, त्याच वर्षी तो वारला, वय अवघं सव्वीस. परिसंस्था ही कल्पना त्याच्या थोडी आधीची, १९३५ मधली, आर्थर टॅन्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाची, सजीव आणि भोवतालचे निर्जीव घटक मिळून एक एकक धरायचं अशी.

वर्गात हे पाण्याने करा. एक लिटर पाणी भरलेलं भांडं म्हणजे गवत. त्यातलं १०० मिली नाकतोड्याला. त्यातलं १० मिली बेडकाला. सापाला १ मिली, म्हणजे ड्रॉपरने वीसेक थेंब. घारीला दोन थेंब. ज्या मुलाला घार केलंय त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो! मग विचारायचं की घारी रानात कमी का असतात आणि नाकतोडे ढिगाने का. साखळी चार-पाच कड्यांच्या पुढे सहसा का जात नाही तेही पोरं स्वतःच सांगतात.

इथे एक अडचण येते ती आत्ताच सांगून ठेवतो. उरलेलं ९० टक्के "वाया गेलं" असं पोरं लिहितात. वाया कुठे गेलं? नाकतोडा त्यावर उड्या मारत होता, श्वास घेत होता, त्याची उष्णता होऊन ती हवेत गेली. काही लेंड्यांतून बाहेर पडलं. काही गवत तर कोणी खाल्लंच नाही, ते वाळलं आणि थेट विघटकांकडे गेलं. बऱ्याच रानांत गवत-पानांचा मोठा वाटा जिवंतपणी कोणी खातच नाही, पाचोळा होऊनच खाली येतो. म्हणजे ती कोपऱ्यातली छत्री खरं तर चित्राच्या मधोमध हवी आणि प्रत्येक प्राण्याकडून, प्रत्येक झाडाकडून तिच्याकडे बाण हवा. तिथून क्षार परत मातीत, मातीतून गवतात. क्षार फिरत राहतात. ऊर्जा मात्र एकदा उष्णता होऊन गेली की परत येत नाही, म्हणून सूर्य रोज उगवावा लागतो.

आणि हो, दहा हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही, पाच ते वीस टक्के असं कुठेही असू शकतं. पोरांना भागाकार सोपा जातो म्हणून दहा.

मी_कोण

एक शंका. उत्पादक तळाला आणि त्यावर एकेक भक्षक रचून जो मनोरा काढतात तो नेहमी खाली रुंद आणि वर निमुळता असतो असं शिकवतात. पण एका झाडावर हजारो अळ्या असतात. एक उत्पादक आणि हजार भक्षक, मनोरा उलटा झाला ना?

भुंगा

संख्येचा मनोरा उलटा होऊ शकतो, बरोबर. वजनाचाही होतो कधीकधी. समुद्रात काही ठिकाणी एका वेळी मोजलं तर वनस्पतीप्लवकांपेक्षा (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म उत्पादक) त्यांना खाणाऱ्या प्राणीप्लवकांचं (तरंगणारे बारीक प्राणी) वजन जास्त भरतं, कारण वनस्पतीप्लवक विभागून दुप्पट व्हायला फार वेळ घेत नाहीत आणि झाले की लगेच फस्त. शिल्लक कमी दिसते पण उत्पादन प्रचंड असतं, पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला जवळजवळ निम्मा वाटा या सूक्ष्म मंडळींचा आहे. ऊर्जेचा मनोरा मात्र कधीच उलटा होत नाही. तुमच्या झाडाचंही तेच, झाड एक दिसतं पण पानं केवढी!

रिकामटेकडा

सूर्य रोज उगवावा लागतो म्हणालात म्हणून काडी टाकतो. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रात अडीच किलोमीटर खोल, मिट्ट काळोखात, आल्विन नावाची पाणबुडी उतरली होती, तिथे तळातून गरम पाणी येतं आणि त्याभोवती शिंपले, खेकडे आणि माणसापेक्षाही लांब वाढणारे नळीकृमी. या कृमींना तोंड नाही, आतडं नाही. अंगात जिवाणू पाळलेत, ते हायड्रोजन सल्फाइड वापरून अन्न बनवतात. सूर्याशिवाय साखळी! बोला आता.

भुंगा

पूर्ण सूर्याशिवाय नाही रे, ते जिवाणू जो ऑक्सिजन वापरतात तो वरच्या प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो. पण उत्पादक म्हणजे हिरवाच असतो असं नाही, हे दाखवायला एकदम फर्मास.

उंटावरचा_शहाणा

जाळं शिकवताना सगळे तो दोऱ्याचा खेळ घेतात, पोरं गोल उभी करून सुतळी फिरवायची आणि एकाने ओढली की सगळ्यांना झटका. मला तो खेळ अर्धाच पटतो. त्यात सगळे दोरे सारखे जाड. खरं तसं नसतं, काही प्राणी गेले तर दुसरा कोणी तिथे येऊन भागवतो आणि काही गेले की सगळंच बदलतं.

रॉबर्ट पेन यांनी हे अमेरिकेच्या वॉशिंग्टन किनाऱ्यावर करून बघितलं. खडकांच्या एका पट्ट्यावरून ते एकाच जातीचे तारामासे उचलून समुद्रात भिरकावत राहिले, शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासे ज्या शिंपल्यांना खायचे ते शिंपले माजले, सगळी जागा त्यांनीच अडवली, आणि १५ जातींच्या जागी ८ उरल्या. १९६६ मध्ये हे छापलं. मजा बघा, खाणारा काढला तर खाल्ले जाणारे सगळे सुखी व्हायला हवे होते, झालं उलटं. पुढे १९६९ मध्ये त्यांनी अशा प्राण्याला कीस्टोन प्रजाती म्हटलं.

दोऱ्याचा खेळ घ्यायचाच तर एकेक जण काढून "आता याच्याऐवजी दुसरं काय खाशील" असं प्रत्येकाला विचारा. ज्याला उत्तर नाही तो बसला खाली.

पानगळ

हा बदल आवडला. अलास्कातली समुद्री पाणमांजरंही याच माळेतली, पाणमांजर सी अर्चिनचे काटेरी गोळे खातं, गोळे केल्प नावाचं उंच समुद्री शेवाळ खातात. केसाळ कातड्यासाठी पाणमांजरं मारली तिथे गोळे वाढले आणि केल्पची रानं साफ झाली. पाणमांजर केल्पला तोंड लावत नाही तरी केल्प त्याच्यावर टिकून आहे, हे जाळ्यातच कळतं, साखळीत नाही.

भुंगा

सदाफुली, हे सगळं फळ्यावर न करता पोरांना एक काम द्या. मावा (झाडाचा रस पिणारी इवली कीड) पडलेला एखादा कोवळा शेंडा शोधायचा, कुठल्याही झाडाचा, आणि भिंग घेऊन त्याच्यासमोर बसायचं. वीतभर जागेत अख्खी परिसंस्था असते.

मावा सोंड खुपसून रस पितो. तो रस इतका गोड असतो की जास्तीची साखर मागच्या टोकातून थेंब होऊन बाहेर येते. त्या थेंबासाठी मुंग्या येतात, मिशांनी माव्याच्या पाठीवर हळूच टकटक करतात आणि थेंब आला की पितात, वर माव्याला खायला येणाऱ्यांना हाकलतातही. थेंब खालच्या पानांवर पडून चिकट होतात आणि त्यावर काळी बुरशी चढते. मग लेडीबर्डची अळी दिसेल, पोरांना ती ओळखूच येत नाही कारण ती गोल-लाल नसते, काळी-नारिंगी, लांबट, छोट्या सुसरीसारखी दिसते, आणि मावा पकडून चावून रिकामा करते. आणि नीट बघितलं तर एखादा मावा फुगून तपकिरी, कडक झालेला असतो, हलत नाही, पाठीला गोल भोक. त्यात एका इवल्या गांधीलमाशीने अंडं घातलं होतं, आतली अळी माव्याला आतून खाऊन मोठी झाली आणि भोक पाडून उडून गेली.

आता याची साखळी काढायला सांगा. मुंगीला माव्याच्या वर ठेवायचं का? ती माव्याला खात नाही, त्याने टाकलेलं पिते. बुरशी कुठे? त्या भोकवाल्याचा बाण कुठे? भांडू द्या पोरांना.

मी_कोण

मी उद्याच शेंडा शोधतो, पोरांचं बाजूला राहू दे.

सदाफुली

भुंगा, हे नक्की करणार, फक्त अळीला हात लावू नका हे दहादा सांगावं लागणार. छत्री मधोमध काढायची कल्पना आजच करून बघितली, चित्र एवढं भरलं की एकीने शेजारीण गाठून तिच्या वहीचं पान चिकटवून घेतलं. आता नवीन भांडण, माणूस कुठे काढायचा. बहुतेकांनी सगळ्यात वर काढलाय, घारीच्याही वर.

जुना_फळा

हे भांडण मिटवता येतं, हिशोब आहे त्याचा. उत्पादकाची पातळी १. फक्त झाडपाला खाणारा २. फक्त शाकाहारी प्राणी खाणारा ३. मिश्र खाणाऱ्याची सरासरी काढायची. २०१३ मध्ये काही संशोधकांनी जगभरच्या माणसांच्या आहारावरून असा आकडा काढला, तो आला २.२१.

रिकामटेकडा

म्हणजे घारीच्या वर नाही?

जुना_फळा

घारीच्या बरंच खाली. त्यांनीच तुलना दिली होती, डुक्कर आणि अँकोव्ही मासा यांच्या आसपास.

पोरांना गणिताच्या तासाला द्या हे. निम्मं अन्न वनस्पतींचं आणि निम्मं गवत खाणाऱ्या प्राण्यांचं असेल तर खाल्लेल्याची सरासरी पातळी १.५, त्यात स्वतःची १ मिळवायची, झाले २.५. मग प्रत्येकाने आपण आठवडाभर काय खाल्लं ते लिहून आपापला आकडा काढायचा. मासे खाणाऱ्यांना जरा जास्त डोकं चालवावं लागेल, कारण त्या माशाने काय खाल्लं होतं तेही आधी शोधावं लागतं.